देवी शाळा सुटल्यावर मिळेल

गोदावरीच्या घाटावर मी दिवे विकते. पानाचा द्रोण, त्यात झेंडूची फुलं, मधोमध तुपातली वात. तूप म्हणायचं, असतो डालडा. यात्रेकरू दिवा पेटवून पाण्यात सोडतात, डोळे मिटून मागायचं ते मागतात आणि चहा प्यायला जातात. दिवा थोडा पुढे जाऊन विझतो. मग घाटावरची पोरं पाण्यात उतरून द्रोण बाहेर काढतात, कारण एखाद्यानं त्यात नाणं टाकलेलं असतं.

या पोरांविषयी लोक मला विचारतात. मी वर्षानुवर्षं एकाच छत्रीखाली बसते, त्यामुळे त्यांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. कोणी फोटो काढायला येतं, कोणी बिस्किटं वाटायला. "बिचारी," असं म्हणतात. पोरं बिचारी नसतात. शिव्या देतात, चावतात, एकमेकांच्या हातचं हिसकावून खातात. उघड्या पायरीवर झोपणाऱ्या माणसाला जसं असावं लागतं तशी ती असतात. माझ्या टोपलीतल्या वाती पळवल्या तर मी त्यांना काठी दाखवते आणि त्यांना ते ठाऊक असतं.

त्यातल्या एका पोरीची ही हकिकत आहे. तिचं नाव लिहीत नाही. ती आता मोठी होत चालली आहे. कुठं आपलं नाव सांगायचं ते तिचं ती ठरवेल.

तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. नक्की तिच्या आईलाही माहीत नव्हतं, "उसाच्या तोडीच्या वेळी झाली" एवढंच ती सांगायची. मायलेकी आणि कडेवरचं एक तान्हं पोर, अशी तिघं पुलाखाली प्लास्टिकचा कागद बांधून राहायची. नवरा कधी मेला असं आई सांगे, कधी पळाला असं. आई पंचवटीच्या भाजीबाजारात मिळेल ते काम करायची. पावसाळा सरून निफाडकडच्या द्राक्षबागांची छाटणी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर फुटवे काढायला जायची. पोरगीही बरोबर जायची, आणि आता भाऊ झाल्यावर ती त्याला सांभाळणार हे ठरलेलं होतं. आई ओळीत काम करणार आणि ही बांधावर पोर घेऊन बसणार.

मला शिक्षणाची फार ओढ होती वगैरे मी सांगणार नाही. मी कळवणकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकले आणि सुटले म्हणून खूश झाले. पण घाटावर वाढलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. थोडी उंची वाढली की त्यांच्याकडे बघणाऱ्यांची नजर बदलते. मग एक दिवस ती मुलगी दिसेनाशी होते आणि तिच्या जागी दुसरी नाणी वेचते. त्यामुळे माझा विचार साधा होता. पोरगी दिवसभर चार भिंतींच्या आत बसली पाहिजे, आणि फुकटात चार भिंती देणारी जागा एकच आहे. एका सकाळी तिचं मनगट धरलं आणि तिला जवळच्या शाळेत नेलं. वाटेत ती मला दोनदा चावली.

शाळेतल्या बाई तरुण होत्या. मी आधीच सांगून टाकलं की हिच्याकडे जन्माचा दाखला नाही, आधार नाही, पत्ता विचाराल तर पूल.

"कागद नंतर बघू," बाई म्हणाल्या. "मुलाला परत पाठवता येत नाही, आजी. कायदा आहे तसा. वयाप्रमाणे चौथीत घेते. अक्षरं मी शिकवीन."

"ही चावते," मी म्हटलं.

"माझ्या वर्गात आणखी दोघं आहेत तसली," बाई म्हणाल्या.

पहिले काही आठवडे पोरगी दुपारच्या खिचडीसाठी जायची. पुढे अक्षरं लागायला लागली तशी ती चढली. दिसेल ती पाटी वाचायची. औषधाचं दुकान वाचलं, रिक्षाची पाठ वाचली, भिंतीवरचं कुणाचं तरी श्रद्धांजलीचं बॅनर वाचलं. एकदा घाटावर चार-पाच बायका गोधड्या आपटत होत्या, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं वाचलं, "येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे." बायकांनी तिला ओली गोधडी घेऊन पळवली. ती माझ्या छत्रीमागे येऊन लपली आणि विचारते, "आजी, सक्त म्हणजे काय?"

दप्तर ती माझ्याकडे ठेवायची. पुलाखाली ओल, उंदीर, आणि बाळ वह्या चघळायचं. म्हणून छत्रीच्या दांड्याला मी एक खिळा ठोकला. रोज सकाळी ती यायची, मी तिचे केस विंचरायचे, ती ओरडायची, आणि दप्तर घेऊन पळायची.

असं एक वर्ष गेलं. ती पाचवीत गेली. नवरात्राच्या तोंडाशी तिची आई माझ्यासमोर येऊन बसली.

"मावशी, लय झाली शाळा. छाटण्या झाल्या. दसऱ्यानंतर मुकादमाचा टेम्पो येतोय."

"तू जा. पोरीला ठेव."

"अन् बाळाला कोन बघंल? तुमी?"

"मागच्या वर्षी काय केलंस?"

"मागच्या वर्षी ते छातीलाच व्हतं, पाठीला बांधून काढलं. आता रांगतंय. बागेत औषध मारत्यात, त्यात हात घालतंय. पोरगी पायजेच मला." मग जरा थांबून म्हणाली, "अन् शिकून करनार काय? कलेक्टर?"

मी म्हटलं, "सहामाहीचे सगळे पेपर ती देईल. सगळे दिले तर तू तिला इथं ठेवायची. माझ्या खोलीत झोपेल."

"अन् नाय दिले तर?"

"एक जरी बुडाला तरी ने. मी तोंड उघडणार नाही."

"तुमी? तोंड उघडनार नाय?" ती हसायला लागली. हसत हसतच हो म्हणाली. आपली पोरगी ओळीनं एवढे दिवस शाळेत बसणार नाही याची तिला खात्री होती. "बाळाचं काय पन?"

"बाळाचं बाळाच्या वेळी बघू," मी म्हटलं. मला तेव्हा काही सुचलं नव्हतं.

आता नवरात्रातली एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे अष्टमी-नवमीला कुमारिका जेवू घालतात. पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, गजरा माळायचा, पुरणाचं जेवण आणि वर काहीतरी भेट. पूर्वी गल्लीत लहान मुली पुष्कळ असायच्या. आता चांगल्या वस्तीतल्या बायकांना भर दुपारी मुली मिळत नाहीत, कारण त्यांच्या बिल्डिंगमधल्या मुली शाळेत असतात. मग घाटावर गाडी येते. "आजी, पाच मिळतील का? सात मिळतील का? जरा स्वच्छ बघून द्या." आमच्या पोरींची तेव्हा चंगळ. एरवी ज्यांना बघून लोक पिशवी छातीशी धरतात, त्यांच्यापुढे तेच लोक वाकून नमस्कार करतात. भेट म्हणून बहुतेक घरांतून काय मिळतं? कंपासपेटी. आदल्या वर्षी माझ्या पोरीला पाच घरांतून पाच कंपासपेट्या मिळाल्या होत्या, आणि पाचही वेळा तिच्या शाळेत वर्ग चालू होता.

यंदा अष्टमीला गणिताचा पेपर होता. मी तिला आदल्या दिवशी बजावलं, "गाडी आली तरी जायचं नाही."

तिनं पायाच्या अंगठ्यानं पायरी खरवडली. मग म्हणाली, "तिथं माझे पाय धुतात."

"मग?"

"शाळेत माझे पाय बघून नाक दाबतात."

"मग धू की. गोदावरी समोर आहे."

"मी धुते ते येगळं," ती म्हणाली आणि उठून गेली. तिचं म्हणणं मला समजलं. पण समजलं म्हणून पेपर बुडवू द्यायचा नव्हता.

अष्टमीच्या सकाळी ती आली नाही. मी कंगवा घेऊन बसले. गिऱ्हाईक झालं, दुसरं झालं. दप्तर खिळ्यालाच. मी गल्ला पदरात बांधला, दप्तर खांद्याला अडकवलं आणि पुलाखाली गेले.

"गेली की गाडीत," तिची आई म्हणाली. "गुरुजींनी पाठवली. मोठ्या घरी. मलाबी साडी देतील म्हनले." मला वाटतं तेव्हा तिला आमची पैज आठवली, कारण तिनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दुसरीकडे बघायला लागली.

गुरुजी माझे शेजारी. तीन छत्र्या सोडून बसतात, पिंडदान, अभिषेक, जे असेल ते करतात. वयानं माझ्या धाकट्या भावासारखे. त्या वेळी एका यजमानाच्या ओंजळीत पळीनं पाणी घालत होते.

"गुरुजी, पोरगी कुठं पाठवलीत?"

त्यांनी मंत्र न थांबवता मला डोळ्यांनीच थांबा म्हणून सांगितलं. मी थांबले नाही. पळी धरलेला हातच धरला.

"अहो मावशी! यजमान बसलेत समोर!"

"बसू दे. पोरगी कुठंय?"

"गंगापूर रोडला. कन्यापूजन आहे. नऊ मुली हव्या होत्या त्यांना, मी म्हटलं घाटावरच्या पाठवतो. पोरींना पोटभर जेवण मिळेल, पुण्याचं काम आहे."

"आज तिचा गणिताचा पेपर आहे. बुडाला तर दसऱ्यानंतर ती द्राक्षाच्या बागेत."

गुरुजींचं तोंड उतरलं. "अरे देवा."

"देवाला नंतर. आधी घर दाखवा."

त्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं, की ते उठले. यजमानाला म्हणाले, "तुम्ही एकशे आठ वेळा नामजप करा, मी येतोच." यजमान बिचारा ओंजळ तशीच धरून बसला होता. गुरुजींनी स्कूटर काढली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसले. नवरा होता तेव्हा त्याच्याकडे सायकल होती, तीही चोरीला गेली. पुलावर नवरात्राची गर्दी, गुरुजींचं उपरणं उडून माझ्या तोंडावर, एका हातात मी दप्तर धरलेलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काय गुरुजी, आजीला पळवून नेताय का?"

मी म्हटलं, "मी त्यांना नेतेय. सरक."

घर चौथ्या मजल्यावर होतं. दाराला तोरण, आत रांगोळी, रांगोळीपुढे नऊ पाट, नऊ पाटांवर आमच्या घाटावरच्या नऊ जणी. एरवी ज्यांना दोन मिनिटं एका जागी बसवत नाही त्या मांडी घालून गप्प. माझी पोरगी पहिल्या पाटावर. केसात गजरा, कपाळाला मळवट, पाय पितळेच्या परातीत. रेशमी साडीतली एक बाई खाली बसून तिचे पाय धूत होती. कोचावर एक म्हातारी, गुडघ्यांना पट्टे बांधलेली. ती तिची सासू.

पोरीनं मला पाहिलं आणि मान फिरवली.

"ऊठ," मी म्हटलं.

"जेवून येते."

"अकराला पेपर आहे. ऊठ."

घरातली बाई उठून उभी राहिली. "आजी, तुम्ही कोण? बसा ना. पूजा चालू आहे."

"हिला शाळेत जायचंय. हिचा पेपर आहे."

"अगंबाई," कोचावरची सासू म्हणाली, "पूजेतून अर्धवट उठवायचं नसतं कुमारिकेला. घराला बरं नसतं ते. गुरुजी, सांगा की यांना!"

गुरुजी दाराशी चपला हातात घेऊन उभे होते. हे त्यांच्या जुन्या यजमानांचं घर होतं आणि मी त्यांची जुनी शेजारीण.

भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. गणवेश घातलेला, हातात बक्षिसाचा कप. मी विचारलं, "ही तुमची मुलगी?"

"हो," बाई म्हणाली.

"कितवीत आहे?"

"पाचवीत."

"मग ती कुठंय? पाटावर दिसत नाही."

"तिची सहामाही चालू आहे, आज गणित..." एवढं बोलून बाई थांबली.

पुढे मला काही बोलावं लागलं नाही. बाईनं खाली बघितलं. पोरीचे पाय अजून पाण्यात होते. बाईनं पंचा घेतला, ते पाय पुसले, दोन्ही, बोटांच्या मधूनसुद्धा, आणि म्हणाली, "कुठली शाळा?"

"पंचवटीत. पुलापलीकडे."

"चल," ती पोरीला म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.

"अगं सूनबाई, आठच राहतील!" सासू ओरडली.

"राहू देत आठ, आई."

पोरगी उठली, पण दारात अडली. पुरणाचा वास घरभर सुटला होता. "अन् पुरण?"

सासूनं तिच्याकडे बघितलं. "ठेवते गं तुझं पुरण. डब्यात भरून ठेवते. जा आता, नाहीतर वेळ जाईल." मग सुनेला म्हणाली, "त्या भेटींतली एक कंपास दे तिला. गणिताला लागते."

मी दप्तर तिच्या पाठीला अडकवलं. रेशमी साडी खोचून बाईनं स्कूटी काढली, मागे मळवट भरलेली पोरगी. गॅलरीतून मी बघत होते. बाईनं सिग्नल पाळला नाही, ते मला आवडलं.

घरात मागे राहिलो मी, गुरुजी, सासू आणि आठ देवी. पूजा अर्धी झाली होती. सासूचे गुडघे वाकत नव्हते आणि गुरुजी कुमारिकांचे पाय धुणार नाहीत. मग मी पदर खोचला आणि बसले. त्या आठही जणींना मी रोज घाटावर हाकलते. त्या फिदीफिदी हसायला लागल्या. "आजी पाय धुतीय! आजी पाय धुतीय!" एकीच्या तळव्याला डांबर होतं, ते घासूनही निघालं नाही. एकीचा अंगठा ठेचून काळा पडला होता. तिला विचारलं, "हे कधीचं?" तर म्हणे, "जुनं हाय." धुता धुता मी एकेकीला विचारलं, "शाळेत जातेस का?" एकीनं मान हलवली, ती खोटं बोलत होती. बाकीच्यांनी खोटं बोलायचे कष्टही घेतले नाहीत.

पुरण चांगलं झालं होतं. मी पाटावर बसले नाही, पण जेवले पोटभर.

जेवताना मी सासूला विचारलं, "हे दुपारीच का करता तुम्ही?"

"आमच्यात दुपारीच करतात. माझ्या सासूबाई करायच्या."

"तुमच्या सासूबाईंच्या वेळी दुपारी मुली कुठं असायच्या?"

"घरीच असायच्या," सासू म्हणाली. मग गुडघ्याचा पट्टा नीट केला. "मीसुद्धा घरीच होते. सातवीनंतर काढलं मला."

"मी चौथीनंतर."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"नाही. तुम्हाला?"

"मला फार वाटलं हो," ती म्हणाली. गुडघे झिजेपर्यंत संसार केलेली बाई, पण हे सांगताना तिचा आवाज अगदी सातवीतल्या मुलीसारखा झाला.

मी गुरुजींकडे वळले. ते पुरणपोळीवर तूप घेत होते. "गुरुजी, कन्यापूजन दिवेलागणीला चालतं का?"

"तसं चालतं."

"तसं नको. चालतं की नाही?"

"चालतं," गुरुजी म्हणाले. "पण यजमान ऐकत नाहीत. सगळ्यांना दुपारीच उरकायचं असतं."

"तुम्ही सांगितलं नाही म्हणून ऐकत नाहीत. तुम्ही म्हणालात तर ते पहाटे उठून थंड पाण्यानं अंघोळ करतात. हात धुवा आणि फोन करा. उद्या नवमी आहे."

सासूनं तांब्या पुढे केला. "करा फोन, गुरुजी. आणि पहिल्यांदा माझ्या बहिणीला करा. तिच्याकडे उद्या अकरा मुली आहेत."

गुरुजींनी हात पुसले आणि फोन लावला. माणसाला एकदा ढकललं की तो कधीकधी आपणहून पुढे चालतो. तिसऱ्या फोनपर्यंत त्यांचा आवाज असा लागला होता की जणू ही त्यांचीच कल्पना. "नाही, दुपारी नाही जमणार. हो, आहेत ना मुली. पण अभ्यास असतो त्यांचा. हो. देवी शाळा सुटल्यावर मिळेल. साडेपाचनंतर गाडी पाठवा."

बाई परत आली तेव्हा तिच्या साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या. म्हणाली, "प्रश्नपत्रिका वाटून झाली होती. शिपाई सोडेना. मग त्यांच्या बाई धावत आल्या, तिचा हात धरला आणि बाकावर नेऊन बसवलं." मग ती पाटावर बसून पाणी प्यायली. सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघींचं एरवी फार जमत असावं असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी जमलं.

संध्याकाळी पोरगी घाटावर आली. मळवट गालापर्यंत ओघळलेला.

"वर्गात काय म्हणाले?" मी विचारलं.

"पोरं ओरडली, देवी आली, देवी आली."

"मग तू काय केलंस?"

"मी म्हटलं, नवस बोला, पेपर सोपा जाईल. एकानं खरंच हात जोडले."

"आणि पाय? नाक दाबलं कोणी?"

"पायाला हळदकुंकू होतं ना," ती म्हणाली. "सगळ्यांनी वाकून बघितलं." मग मी आणलेला पुरणाचा डबा उघडून माझ्याकडे पाठ करून खायला बसली. मला एक घासही विचारला नाही.

नवमीला गाड्या दुपारी आल्याच. काही बायका चिडल्या. एक म्हणाली, "आम्ही देतोय वर तुमच्याच अटी?" मी म्हटलं, "हो." ती गाडी वळवून निघून गेली. तिला कुठं मुली मिळाल्या असतील तर मिळाल्या असतील, सगळं गाव मी अडवू शकत नाही. पण तिन्हीसांजेला घाटावर गाड्यांची रांग लागली आणि पोरी गजरे माळून गेल्या. त्या आठांपैकी तीन जणी पुढे दिवाळीनंतर शाळेत बसल्या. त्यातली एक दुसऱ्याच दिवशी खिडकीतून पळाली. तिला मीच परत नेली.

राहिलेले पेपर झाले. एकही बुडाला नाही. इंग्रजीच्या दिवशी तिला ताप होता, तरी बसली.

दसऱ्यानंतर मुकादमाचा टेम्पो आला. पुलाजवळ उभा राहिला, मागे बायका, भांडी, गोधड्या. तिची आई गाठोडं बांधत होती. पोरगी गणवेशात, पाठीला दप्तर लावून समोर उभी.

"सगळे पेपर दिले तिनं," मी म्हटलं.

"दिले," आई म्हणाली. गाठ मारत राहिली. "मला ठाव हाय. मी नाय म्हनत नाय. पन हे रांगतंय मावशी. झाडाखाली टाकून मी कामाला लागले अन् त्याच्या तोंडात औषध गेलं, तर तुमची शाळा मला पोर आनून देनार हाय का?"

हे तिचं खरं म्हणणं होतं, आणि त्यात ती चुकत नव्हती. बाळाची वेळ आली होती.

"भाजीबाजारात माझी मैत्रीण आहे," मी म्हटलं. "पालेभाजीचा गाळा आहे तिचा. जुड्या बांधायला बाई हवीय. सावलीत बसून काम. बाळ शेजारी क्रेटमध्ये बसेल. रोजचं काम आहे, हंगामाचं नाही."

"कधी विचारलं तिला?"

"पैज लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, बाईला नको म्हणणार नाही, पण तिनं स्वतः आलं पाहिजे."

"अन् मला आता सांगता?"

"आधी सांगितलं असतं तर टेम्पो चुकेल या भीतीनं तू पेपर होऊ दिले नसतेस. म्हणाली असतीस, बघू, बघू."

तिनं गाठोडं खाली ठेवलं. "टेम्पोत माझ्या माहेरच्या बाया हायेत," ती हळू म्हणाली. "तिथं चार महिने मी कुनाची तरी असते."

टेम्पोतल्या बायका हाका मारत होत्या. मुकादमानं हॉर्न वाजवला. "ओ ताई, येती का नाय? ऊन डोक्यावर आलं!"

पोरगी म्हणाली, "आई, तू जा. मी नाही येणार. मला नेता येत नाही. कायदा आहे."

"काय हाय?"

"कायदा. बाईंनी सांगितलं. चौदा वर्षांपर्यंत मी शाळेतच पाहिजे."

"माझ्या पोटची, अन् मला कायदा शिकवती!" आईनं हात उगारला. मला वाटलं आता लागते एक. पण तो हात तसाच वर राहिला आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं डोळे पुसले, नाक पदराला पुसलं. मग टेम्पोकडे तोंड करून, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "औंदा नाय येत! माझी पोरगी शाळेत हाय! पाचवीत!"

एका बाईनं टेम्पोतून विचारलं, "पास झाली का?"

"पेपर दिले सगळे!" आई ओरडली. "गनिताचा बी!"

टेम्पो निघाला. बायका लांबपर्यंत हात हलवत होत्या. पोरगी तोवर पुलाच्या टोकाला पोहोचली होती, तिला उशीर झाला होता. मी आईला म्हटलं, "चल, बाजार भरलाय. मैत्रीण वाट बघत बसणार नाही." तिनं बाळ कडेवर घेतलं आणि माझ्या पुढे चालायला लागली, इतक्या झपाट्यानं की मला तिच्यामागे पळावं लागलं. दुपारपर्यंत तिनं गाळ्यावरच्या दोन जुन्या बायकांपेक्षा जास्त मेथी बांधली होती, आणि क्रेटमधलं बाळ काड्या चघळत बसलं होतं.